जबलपूर दाखवणारा माणूस

नागपूरकडून जबलपूरला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी थेट भेडाघाट गाठतात, धुवांधार धबधब्यासमोर फोटो काढतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. पाठीवर सॅक टाकून फिरणारी तरुण मंडळीही याला अपवाद नाहीत. त्यांनी मुक्काम गोरखपूरला करावा आणि तिथला एखादा जाणता माणूस दिवसभर बरोबर घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

हे गोरखपूर उत्तर प्रदेशातलं नव्हे. जबलपुरातलाच हा गजबजलेला बाजारपेठेचा भाग. याच बाजूला हाऊबागचं जुनं स्टेशन. नैनपूरकडून येणारी नॅरोगेज गाडी 2015 पर्यंत या मार्गावर धावत होती, आणि एकेकाळी ती थेट आपल्या गोंदियाला जोडलेली होती. आम्हाला लाभलेले वाटाडे रेल्वेतून निवृत्त झालेले. "गोंदियावाले तो घर के लोग हैं," असं म्हणून त्यांनी आम्हाला ताब्यातच घेतलं. आम्ही त्यांना दादा म्हणू लागलो.

धुवांधार आधी बघायचा नाही, हा दादांचा पहिला नियम. रिक्षा वळली लम्हेटा घाटाकडे. नर्मदेच्या या काठावरून भूशास्त्रात ‘लॅमेटा’ हे नाव रूढ झालं. दख्खनच्या लाव्हाखाली दबलेले हे थर. ज्या काळ्या पाषाणातून आपले रायगड-राजगड उभे राहिले, त्याच्याही आधीची ही जमीन. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला 1828 मध्ये जबलपूरच्या छावणीजवळच्या टेकडीत याच थरांत प्रचंड हाडं सापडली. पुढे 1877 मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ लिडेकरने त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस’ नाव दिलं. भारतातल्या डायनासोर-संशोधनाची सुरुवात ही. असेच थर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्यालाही आहेत. घाटावर याची कल्पना देणारं काही आम्हाला दिसलं नाही. दादांनी दाखवलं नसतं, तर आम्ही हात-पाय धुऊन पुढे गेलो असतो.

वाटेत तेवर लागतं. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी ती हीच. 1939 चं काँग्रेस अधिवेशन या परिसरात भरलं तेव्हा त्याला नावही त्रिपुरीचंच दिलं गेलं. तापाने फणफणलेले सुभाषबाबू त्याचे अध्यक्ष होते.

खरा वेळ दिला पाहिजे तो चौसष्ट योगिनींना. भेडाघाटच्या टेकडीवर दहाव्या शतकातलं हे वर्तुळाकार, उघड्या आभाळाखालचं देवस्थान आहे. नाव चौसष्टचं, पण कोनाडे 81. बऱ्याच मूर्ती भंगलेल्या आहेत, तरी बैठकींवर योगिनींची नावं कोरलेली आहेत. मधोमध गौरीशंकराचं मंदिर. इथला राणी अल्हणदेवीचा शिलालेख 1155 चा. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढे आहे: कलचुरींचे लेख एकत्र करून, वाचून, अर्थ लावून 1955 मध्ये विद्वानांपुढे ठेवले ते नागपूरच्या वा. वि. मिराशींनी. मूळचा सिंधुदुर्गातला हा माणूस. आज कलचुरींचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही त्यांना ओलांडून जाता येत नाही. मराठी प्रवाशाने त्या वर्तुळात उभं राहून एकदा त्यांचं नाव घ्यावं.

मग पंचवटी घाटावरून नाव. दादांनी मोटरबोटीचा विषयच काढू दिला नाही. वल्ह्यांचीच नाव घेतली. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उंच कडे, पांढरे, मध्येच गुलाबी, काळपट. पात्र इतकं आवळत जातं की पुढे वाट संपली असं वाटावं. ‘बंदरकूदनी’ नावाच्या जागी पूर्वी माकडं या काठावरून त्या काठावर उडी मारत, असं सांगतात. सांगणारा असतो नावाडी, आणि तो साधं सांगतच नाही. प्रत्येक खडकावर त्याची यमकात बांधलेली ओळ तयार असते: इथे हत्तीचा पाय, तिथे गाडी, पलीकडे ‘जिस देश में गंगा बहती है’चं चित्रीकरण. ही तुकबंदी घरातल्या थोरांकडून ऐकत ऐकत पोरं शिकतात. वल्ह्याच्या ठेक्यावर ती ऐकताना गर्दीतले मोबाईल आपोआप खाली येतात. भेडाघाटचा सर्वांत मोठा ठेवा मला विचाराल तर ही वाणीच आहे. तिची नोंद व्हायला हवी.

धुवांधार शेवटी पाहिला. कानात पाण्याचा गडगडाट, अंगावर तुषार. त्याचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे.

संध्याकाळी शहरात येऊन दादांनी टाऊन हॉल दाखवला. 18 मार्च 1923 ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला. इथे पेटलेला हा लढा पुढे नागपुरात झेंडा सत्याग्रह म्हणून देशभर गाजला. तेव्हा दोन्ही शहरं एकाच मध्य प्रांतात होती. 1956 मध्ये राज्यं वेगळी झाली, आणि नव्या मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय जबलपूरला आलं. कमानिया गेटजवळ खव्याची जिलेबी खाऊन आम्ही गोरखपूरला परतलो.

पावसाळ्यात भेडाघाटच्या नावा बंद असतात, म्हणून दिवाळीनंतरच निघा. नाव वल्ह्यांचीच घ्या, नावाड्याला पूर्ण ऐका आणि उतरताना त्याच्याशी घासाघीस करू नका.