गणवेश उतरल्यानंतर

आपल्या बडोद्याच्या फत्तेगंजात सैन्याचे ई. एम. ई. स्कूल आहे. यंत्रे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांची निगा राखणारे सैनिक तेथे शिकतात. पुष्कळ जवान चाळिशीच्या सुमारास सेवेतून मोकळे होतात; त्यांची मुले तेव्हा आम्हां शिक्षकांपुढे बाकांवरच असतात. सैन्यात संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्याने मग पोटापाण्यासाठी काय करावे?

संगणकाचा इतिहास येथे धीर देतो. १९४६ साली जगापुढे आलेला ‘एनिॲक’ हा संगणक अमेरिकन लष्कराने तोफांच्या माऱ्याची कोष्टके करण्यासाठी बांधवून घेतला होता. त्याच्या आज्ञावली रचणाऱ्या सहा तरुणींपैकी जीन बार्टिक आणि बेटी होल्बर्टन पुढे ‘युनिव्हॅक’च्या कामास लागल्या. १९५१ साली पहिले युनिव्हॅक अमेरिकेच्या शिरगणती खात्याने घेतले. तोफगोळ्यांच्या गणितात मुरलेली बुद्धी माणसे मोजण्याच्या कामी आली.

मोठे काम लहान पायऱ्यांत फोडणे, प्रत्येक पायरी तपासणे, चूक सापडताच नोंदविणे, ही शिस्त दोन्हीकडे एकच. मात्र सैन्यात काय करावयाचे हे हुकुमाने कळते. बाहेर ते गिऱ्हाइकाला विचारून काढावे लागते. अर्जातही नुसता हुद्दा लिहून भागत नाही. लष्करी गुपित राखून, आपण कोणती अडचण कशी सोडविली, हे साध्या भाषेत मांडावे. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्त होणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सोय करते. तिचा लाभ वेळीच घ्यावा. चाळिशीत पुन्हा विद्यार्थी होण्यात कमीपणा नाही, हे शिक्षकाच्या नात्याने आवर्जून सांगावेसे वाटते.