गोळी आणि भाकरी

आमचे मामू ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की केजहून टोळी निघायची, ती पाडव्याच्या सुमारास परतायची. एका वर्षी मामू परतले ते खोकतच. थुंकी तपासली, क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवू नका आणि सकस खा." मुमानी रोज एक अंडं उकडून मामूंपुढे ठेवायची. मामू त्याचे चार तुकडे करायचे आणि तीन पोरांना द्यायचे.

मी कविता लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण त्या चार तुकड्यांनी माझ्या मनात एक प्रश्न ठेवला. क्षय बरा होतो तो गोळीनं की भाकरीनं?

हा प्रश्न संशोधकांनीही विचारला होता. १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे १९३ रुग्ण दोन गटांत वाटले गेले. एक गट सॅनेटोरियममध्ये राहिला. तिथं विश्रांती होती, चांगलं जेवण होतं. दुसरा गट आपल्या दाटीवाटीच्या घरातच राहिला आणि मिळेल ते खाऊ लागला. औषधं दोघांना सारखीच. वर्षभरानं पाहिलं, तर सॅनेटोरियमवाल्यांचं वजन जास्त वाढलेलं. पण जंतू नाहीसे होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि घरी राहून उपचार घेण्याची वाट जगभर मोकळी झाली.

मग भाकरीचं काम संपलं का? नाही. जंतू मारते ती गोळी. पण तोवर तग धरायचा असतो तो शरीराला. उपाशी अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशीही दुबळ्या पडतात.

डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत हे तपासून पाहिलं. २८०० रुग्णांना औषधांसोबत दरमहा दहा किलो शिधा दिला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, म्हणजे चाळीस किलोच्या माणसाचं दोन किलो, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी आढळला. याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. निम्म्या गटांत घरच्यांनाही शिधा मिळाला. प्रौढ माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ. त्या घरांतल्या माणसांमध्ये नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

श्रोतेहो, हा आकडा वाचला आणि मला मामूंची थोरली मुलगी आठवली. मामू बरे झाले, पण दोन वर्षांनी तिला क्षय झाला. तीही गोळ्या घेऊन बरी झाली. शाळा मात्र सुटली ती सुटलीच.

सरकार २०१८ पासून क्षयरुग्णाला आहारासाठी दरमहा पाचशे रुपये देऊ लागलं. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. चांगलंच आहे. पण ज्या घरात ताट एक आणि हात पाच, तिथं रुग्णाचं अंडं रुग्णाच्या पोटात जाईलच कसं? मामू पथ्य मोडत नव्हते, ते बापपण निभावत होते. म्हणून गोळी रुग्णाला द्यावी, ती एकही चुकू देऊ नये. आणि शिधा मात्र साऱ्या घराला द्यावा.