स्विच बदलल्याने सूर बदलतो का?

आता गाणं इंटरनेटवरून घरात येतं. कॅसेट गेली, सीडीही मागे पडली; शौकीन मात्र तसेच आहेत आणि त्यांच्या मागे असणारा बाजारही. या बाजारात खास संगीतासाठी बनवलेला नेटवर्क स्विच मिळतो. स्विच म्हणजे घरातल्या राऊटर, संगणक, म्युझिक प्लेअर यांच्या तारा एकत्र जोडणारी डबी. साधा स्विच हजार-दीड हजारात येतो. 'खास' स्विचची किंमत लाखाच्या घरातही जाते. त्याने आवाज खुलतो, असा दावा आहे.

माझा भाचा पगारातून पैसे साठवून असा स्विच घ्यायला निघाला होता. "मामू, तुम्हांला कान आहे, तुम्ही सांगा," म्हणाला. मी म्हटलं, आधी डोक्याने पाहू, मग कानाने.

तारेतून गाणं येत नाही, आकडे येतात. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंचे सेकंदाला प्रत्येकी 44,100 नमुने. एकूण सुमारे 14 लाख बिट. साधासा स्विचही सेकंदाला 10 कोटी बिट वाहून नेतो. हे आकडे लहान लहान पाकिटांतून येतात. प्रत्येक पाकिटावर पडताळणीचा आकडा असतो. वाटेत काही बिघडलं तर हिशेब जुळत नाही, मग ते पाकीट टाकून देऊन पुन्हा मागवलं जातं. पोस्टमनची सायकल नवी आहे म्हणून पत्रातली कविता सरस होत नाही. पत्र पोचलं की शब्द तेच.

"पण पाकिटं मागेपुढे पोचली तर?" भाच्याची शंका रास्त होती. त्याला गच्चीवरची टाकी दाखवली. पालिकेचं पाणी वेळी-अवेळी येतं, तरी घरातला नळ एकसारखा वाहतो. प्लेअरमधल्या अशा टाकीला बफर म्हणतात. त्यातून आकडे केव्हा काढायचे, हे आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्रातलं घड्याळ ठरवतं. स्विचचा तिथे संबंध नाही.

तारेवाटे विजेचा उपद्रव आत शिरू शकतो, हे तत्त्वतः खरं आहे. म्हणूनच नेटवर्कच्या जोडणीत दोन्ही बाजू अलग ठेवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तरीही स्पीकरमधून गुणगुण आलीच, तर धातूचं आवरण नसलेली साधी तार लावून पाहावी.

खात्रीचा उपाय फुकट आहे. गाणं चालू असताना प्लेअरची नेटवर्कची तार काढा. बफर भरलेला असेल तर गाणं काही वेळ चालूच राहतं. त्या वेळात स्विचही नाही आणि त्याची वीजही नाही. मात्र तार दुसऱ्याने, न सांगता काढावी. आमच्याकडे भाचीने कधी तार काढली, कधी नुसता आवाज केला. भाचा पाठमोरा बसून कागदावर लिहीत गेला. दोघांचा हिशेब जुळला नाही. पैसे वाचले.

स्विच बिघडला तर गाणं अडखळतं, थांबतं. बेसूर होत नाही. मग लोकांना फरक ऐकू येतो तो खोटा का? नाही. नवी वस्तू आणली की आपण कान देऊन ऐकतो, आणि कान दिला की जास्त ऐकू येतं. श्रेय कानाचं असतं, मिळतं डबीला.

खर्चच करायचा तर चांगल्या स्पीकरवर करावा. ते भिंतीपासून थोडे पुढे ओढावेत, खोलीत जाड पडदे लावावेत. हा फरक पाठमोरं बसूनही ऐकू येतो.