राखणीची झोळी आणि रात्रीचे डास

भाताचे पीक तयार झाले की रानडुकरे व गवे शेतात उतरू लागतात. खानापूर, चंदगड, सत्तरी या डोंगराळ भागांतील शेतकऱ्यांना मग शेतातच रात्र काढावी लागते. पुढे काजूच्या दिवसांतही बागेत मुक्काम पडतो. जमिनीवर घोंगडी टाकून निजणे धोक्याचे. मण्यार रात्री फिरते आणि खाली झोपलेल्या माणसाला डसते. म्हणून काहीजण दोन झाडांना झोळी बांधून तीत झोपतात. हे शहाणपणाचे आहे. पण सापापासून सुटका झाली तरी डास व इतर किडे राहतातच. ते माणसाकडे तीन वाटांनी येतात : हवेतून, दोरीवरून आणि जमिनीवरून. या तिन्ही वाटा बंद कराव्यात, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

हवेतील वाट : हिवताप पसरविणारा अॅनाफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात सापडतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे दाखवून दिले, हे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचले असेल. खाटेवरची मच्छरदाणी गादीखाली खोचली की काम भागते, कारण गादी जाड असते. झोळीचे तसे नाही. तिचे कापड पाठीला ताणून बसते आणि डास खालून त्या कापडातूनच चावतो. बाजारातील नायलॉनच्या जाळीची झोळी असेल तर त्याला काहीच अडथळा नाही. तेव्हा झोळीत प्रथम जाड गोधडी किंवा वाकळ अंथरावी.

नंतर झोळीच्या वर, माणूस उठून बसला तरी डोक्याला लागणार नाही इतक्या उंचीवर, त्याच दोन झाडांना दुसरी दोरी ताणून बांधावी व तिच्यावर मच्छरदाणी सोडावी. मच्छरदाणीची खालची कड लोंबकळत ठेवू नये. ती झोळीच्या खाली एकत्र आणून कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी बंद करावी. शिंप्याकडून तळाला कापड शिवून पिशवीसारखी करून घेतली तर फारच उत्तम. दोन्ही टोके झोळीच्या दोरीभोवती नाडीने आवळावीत. हातपाय जाळीला टेकू देऊ नयेत. व्हिएतनाम व कंबोडियातील जंगलात काम करणाऱ्या मजुरांसाठी औषध लावलेल्या झोळीच्या मच्छरदाण्या वापरल्या गेल्या आहेत. आपल्याकडे आरोग्य खात्याकडून औषधी मच्छरदाणी मिळाल्यास तीच वापरावी. ती साध्या साबणाने धुवावी व सावलीत वाळवावी.

दोरीवरची वाट : आंबा, काजू यांच्या झाडांवर पाने चिकटवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या असतात. असे झाड टाळावे. मधमाश्यांचे पोळे किंवा वाळलेली फांदी डोक्यावर नाही ना, हे उजेड असतानाच पाहावे. झोळीच्या दोन्ही दोऱ्यांना, तसेच मच्छरदाणीच्या दोरीलाही, टोकांजवळ चिंधी गुंडाळून तिला ग्रीस फासावे. चिकट ग्रीस ओलांडून मुंग्या सहसा पुढे येत नाहीत.

जमिनीवरची वाट : ही वाट आपल्या भागात सर्वांत गंभीर आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप गोचिडीच्या चाव्याने होतो. सत्तरीत २०१५ साली व दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली त्याचे रुग्ण आढळले. या रोगाची बारीक गोचीड पावसाळ्यानंतर उन्हाळ्यापर्यंत पाल्यात व गवतात असते, म्हणजे नेमकी आपल्या राखणीच्या दिवसांत. झोळीखालचा व भोवतालचा पाला झाडून दूर करावा. कपडे व चपला जमिनीवर न ठेवता दोरीला अडकवाव्यात. कुत्र्याला झोळीत घेऊ नये. सकाळी घरी आल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि काखा, जांघा, मान, कानामागची जागा तपासावी. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. ती चिरडू नये, चटका देऊ नये, रॉकेल ओतू नये. रानात माकड मेलेले दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

आणखी दोन गोष्टी. कडुलिंबाच्या पाल्याच्या धुराने डास थोडा वेळ कमी होतात, पण धूर विरला की ते परततात. रात्रभर धुरात निजणे छातीलाही बरे नव्हे. उघड्या अंगाला डीट असलेले मलम लावावे. डोळे व तोंड टाळावे. मात्र पिकावर फवारण्याचे औषध मच्छरदाणीवर, झोळीवर किंवा अंगावर कदापि मारू नये. ते कातडीतून शरीरात जाते आणि माणूस दगावू शकतो.

इतके करूनही ताप आला तर अंगावर काढू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे, आणि आपण रानात झोपत होतो हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. त्या एका वाक्यावरून कोणता रोग शोधायचा हे त्यांच्या ध्यानात येते. पीक तर राखायलाच हवे, पण ते राखणारा माणूसही सुखरूप घरी आला पाहिजे.