बांधावरची भुईरिंगणी : उपटण्याआधी ओळखा

पडीक रानात, बांधावर, रस्त्याच्या कडेला जमिनीला चिकटून पसरलेली काटेरी भुईरिंगणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पायात काटा मोडला की आपण तिला शिव्या देतो, खुरपणीत उपटून फेकतो. पण हीच आयुर्वेदातली कंटकारी. चरकाचार्यांनी खोकल्यावरील दहा औषधी सांगितल्या, त्यात तिचा समावेश आहे. दशमुळातल्या लहान पाच मुळांतही ती आहे: सालवण, पिठवण, डोरली, भुईरिंगणी आणि गोखरू.

ओळख कशी पटवायची? झाड उभे वाढत नाही, भुईवर पसरते. पाने, देठ, खोड सगळीकडे सरळ, पिवळसर, चकचकीत काटे. फूल जांभळे, वांग्याच्या फुलासारखे. ही वांग्याच्याच कुळातली. फळ गोटीएवढे, कच्चे असताना हिरवे व पांढऱ्या रेघांचे, पिकल्यावर पिवळे. डोरली हिची बहीण, पण ती उभी वाढते.

आता नीट ध्यान द्या. रानात पिवळा धोत्रा, म्हणजे काटेधोत्राही काटेरीच असतो. त्याचे फूल पिवळे, पानावर पांढरट शिरा, आणि पान तोडले की पिवळा चीक येतो. तो विषारी आहे. त्याचे काळे बी मोहरीसारखे दिसते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याच्या तेलाची भेसळ झाली. अंगावर सूज येऊन अनेक माणसे आजारी पडली, ६० हून अधिक दगावली. तेव्हा पिवळे फूल आणि पिवळा चीक दिसला की हात आवरा.

वैद्य लोक भुईरिंगणीचे पंचांग, म्हणजे मूळ, खोड, पान, फूल, फळ, खोकला, दमा, कफ यांवर काढ्यात किंवा अवलेहात वापरतात. मात्रा रोग्याचे वय आणि प्रकृती पाहून ठरते, म्हणून ती वैद्यांनाच विचारा. कच्ची फळे मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. दात दुखला की बियांची धुरी घेण्याची जुनी रीत आहे, ती घरच्या घरी करू नका. गरोदर बाईने हे औषध मनाने घेऊ नये. आणि दम्याचा जोर वाढला, ओठ निळे पडू लागले, तर काढा उकळत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

विकायची असेल तर फळे पिकल्यावर झाड काढा, माती झटका, सावलीत पातळ पसरून वाळवा. ओलसर माल पोत्यात भरला की बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो. भाव आधी दोन ठिकाणी विचारून घ्या. आणि एक करा: मूळ काढले की झाड संपले, म्हणून दर वेळी काही झाडे बियांसाठी राखा. सगळीच उपटली तर पुढच्या वर्षी बांध रिकामा, अन् हातही रिकामा!