आरटीईत नंबर लागला. पण पोराचा अभ्यास सुधारेल का?

आरटीईच्या 25 टक्के सोडतीत नंबर लागला की पालकांना वाटतं, काम झालं. पण नुसती शाळा बदलून गुण वाढतातच असं नाही. आंध्र प्रदेशात 2008 मध्ये 180 गावांत सोडत काढून मुलांना खासगी शाळेची फी देण्यात आली. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती सरकारी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीचीच निघाली, हिंदीत मात्र पुढे. खासगी शाळा तेलुगू-गणिताला कमी तास देत होत्या, हेही खरं. तिथे मास्तरांची गैरहजेरीही कमी होती. मुलांच्या हजेरीचा प्रश्न मात्र रस्त्यावरचा. आरटीईत फी सरकार भरतं, व्हॅनचं भाडं बहुतेकदा घरच्यांनाच भरावं लागतं. पावसाळ्यात तीन किलोमीटर चालायचं पहिलीतल्या लेकराने? फॉर्म भरताना शाळेच्या नावाआधी अंतर बघावं.