मेळघाटातली शाकारणी

रोहिण्या लागल्या की वऱ्हाडात कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरांवर माणसं चढलेली दिसतात. मृगाचा पाऊस यायच्या आत छप्पर फेरून घ्यावं लागतं; तीच शाकारणी. जंगलातल्या सरकारी बंगल्याचीही त्यातून सुटका नाही. मेळघाटातल्या एका जुन्या वनविश्रामगृहाची शाकारणी मला अगदी जवळून पाहायला मिळाली. छप्पर उघडल्यावर त्या इमारतीची सगळी अक्कल डोळ्यांसमोर आली.

आमच्यासारख्या हिंगोलीच्या माणसाला मेळघाट परका नाही. मीटरगेजच्या काळात हिंगोली स्टेशनावर गाडीत बसलं की अकोला, अकोट, वान रोड, धुळघाट करत ती याच जंगलातून खंडव्याला जायची. इतिहासाचा धागा तर त्याहून जुना आहे. हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती, तशीच अचलपूरचीही. या फौजेच्या खर्चापोटी निजामावर कर्ज चढत गेलं आणि १८५३ च्या करारानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. वऱ्हाडासोबत मेळघाटचा सागही गेला. आमच्या गावातल्या शिपायांचा पगार आणि सातपुड्यातलं लाकूड एकाच हिशेबात बसले होते.

१८६४ मध्ये वनखातं निघालं. दीत्रिख ब्रँडिस हे त्याचे पहिले महानिरीक्षक. १८७८ च्या कायद्यानं राखीव जंगलाची चौकट पक्की केली. मग झाडांची मोजणी, तोडीच्या खुणा, जाळरेषा, वाहतुकीचे रस्ते ही कामं सुरू झाली. त्यांची तपासणी करणारा अधिकारी महिनोन्महिने फिरतीवर असायचा. त्याच्यासाठी घोड्यावरून एका दिवसात गाठता येईल अशा टप्प्यांवर बंगले बांधले गेले. जागा साधारण ठरलेली असे: पाण्याजवळ, पण पुराच्या वर, थोड्या उंचवट्यावर आणि वाऱ्याच्या तोंडाला.

मी पाहिलेला बंगलाही असाच उंचवट्यावर आहे. काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं. मधे दोन मोठ्या खोल्या, पुढे ऐसपैस ओसरी, मागे न्हाणीघरं. स्वयंपाकघर मूळ इमारतीपासून वीस-पंचवीस पावलं दूर, कारण चुलीची ठिणगी सागाच्या छपराला लागायला नको. भिंती दगड-चुन्याच्या, खिडकीच्या कोनाड्यात माणूस पाय वर घेऊन बसेल इतक्या जाड. न्हाणीघराला बाहेरून उघडणारं वेगळं दार आहे. पाणी आणणारा आणि मैला उचलणारा माणूस साहेबाच्या खोलीत पाऊल न टाकता यावा-जावा, यासाठी ते ठेवलेलं. ज्या समाजव्यवस्थेत हा बंगला उभा राहिला, ती त्या एका दारात उघडी पडते.

शाकारणीचं काम सकाळी उन्हं चढायच्या आत सुरू झालं. मिस्त्री कोरकू आदिवासी, साठीच्या पुढचे; त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा आणि गावातली आणखी चार माणसं. शिडी लावून ते आधी थेट आढ्यावर गेले. छप्पर उकलायचं ते वरून खाली आणि रचायचं ते खालून वर, हा पहिला नियम. सगळं छप्पर एकदम उघडत नाहीत. दोन वाशांमधला पट्टा घ्यायचा, तो पुरा करायचा, मग पुढचा. अवकाळी पाऊस आलाच तर उघडं राहिलेलं एवढंसं अंग ताडपत्रीनं झाकता येतं. पाय कवेलूवर पडत नाही. खाली वासा कुठे आहे ते ओळखून त्याच्या रेषेवरच पडतो.

कवेलूंखाली वर्षभराचा पालापाचोळा साचला होता. सागाचं कुजकं पान, वानरांनी फोडलेल्या तुकड्यांचा चुरा, पालीची अंडी, एक-दोन विंचू. खराट्यानं हे सगळं झाडून काढलं. मग मिस्त्रींनी वाशांवरच्या लाकडी पट्ट्या तपासल्या. प्रत्येक पट्टीवर कोयत्याच्या मुठीनं टकटक करायची. आवाज पोकळ आला की वाळवी आत शिरलेली. अशा पट्ट्या काढून नव्या ठोकल्या. त्यांखालचे सागाचे वासे मात्र बांधकामाच्या वेळचेच, तासणीच्या खुणा अजून स्पष्ट असलेले. त्यांतला एकही बदलावा लागला नाही.

“पानी थांबलं तं लाकूड सडते,” मिस्त्री म्हणाले. “वारं लागलं तं काई होत नाई.”

उतरवलेल्या कवेलूंचा अंगणात ढीग लागला होता आणि निवड चालली होती. मिस्त्रींनी एक कवेलू डाव्या हातात अलगद धरलं, उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं त्यावर टिचकी मारली आणि ते माझ्या कानाजवळ आणलं. भांड्यासारखा खणखणीत आवाज आला. दुसरं उचललं. दिसायला तेही धड, पण टिचकी मारली तर आवाज बसका. “भाऊ, याले चीर हाय. दिसत नाई, पन वाजते.” ते त्यांनी बाजूला टाकलं. शेकडो कवेलूंची परीक्षा अशीच झाली, एकेक करून, आणि कुणीही घाई केली नाही.

रचताना पहिला थर उताणा ठेवतात, पन्हळीसारखा. दोन उताण्या ओळींच्या फटीवर दुसरा थर पालथा. वरचं कवेलू खालच्यावर चार बोटं तरी चढलं पाहिजे, नाहीतर वाऱ्याबरोबर पाणी उलटं आत शिरतं. आढ्यावर मोठी कवेलू चुन्यात बसवतात. हा चुना दोन दिवस आधीच भिजवून मळून ठेवला होता. त्यात बारीक वाळू आणि बेलफळाचा चिकट गर.

दुपारी बाहेर ऊन मी म्हणत होतं. फेरून झालेल्या भागाखालच्या खोलीत मात्र निवांत बसता येत होतं. कवेलूंच्या असंख्य फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. भिंतीच्या माथ्याशी असलेले झरोके खालून थंड हवा ओढून घेतात. ओसरीमुळे उन्हाळ्यात भिंतीवर ऊन येतच नाही. मेळघाट साधारण साडेएकवीस अक्षांशावर आहे. जूनमध्ये भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा वळचणीची सावली भिंत पूर्ण झाकते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे ४५ अंशांवर उतरतो आणि ऊन वळचणीखालून ओसरीत खोलवर येतं. थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा, दोन्ही छपराच्या उतारात आणि ओसरीच्या रुंदीत आधीच बसवलेलं आहे. त्यासाठी वीज लागत नाही.

या बंगल्यांचं कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही. साहेबाचा हुकूम चालायचा तो इथूनच. सागाच्या तोडीसाठी, रस्त्यांसाठी मजूर हवेत म्हणून वनखात्यानं वनग्रामं वसवली. कोरकूंचं जंगलात फिरणं, चराई, शेती यांवर बंधनं आली. नकाशा साहेबाचा होता. दगड वाहणारे, वासे तासणारे, छप्पर शाकारणारे हात इथल्याच माणसांचे होते. म्हणून हा वारसा फक्त इंग्रजांच्या नावावर लावणं मला मान्य नाही. दरवर्षी त्याला उभं ठेवणारे लोकच त्याचे खरे वारसदार आहेत.

पुढे याच बंगल्यांनी वेगळंही काम केलं. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला आणि लाकूड मोजायला येणाऱ्यांच्या जागी वाघ, पक्षी, झाडं अभ्यासणारी माणसं मुक्कामाला येऊ लागली. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली मेळघाटात वनाधिकारी होते. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ हे पुस्तकही जंगलातल्या मुक्कामातूनच आलं. मराठीतल्या अरण्यलेखनाला जंगलात राहायला निवारा मिळाला, तो बराचसा अशा साध्या सरकारी छपरांखाली.

आता कवेलू मिळेनाशी झाली आहेत. घडवणारे कुंभार कमी झाले, भट्टीला लाकूड मिळत नाही, घरकुलांवर स्लॅब आले. या वेळी कमी पडलेली कवेलू आसपासच्या गावांत मोडलेल्या जुन्या घरांतून गोळा करून आणली होती. वानरांचा उपद्रव तर रोजचाच. त्यामुळे अनेक ठिकाणी कवेलू काढून पत्रा टाकला जातो आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा होतो. पत्र्यानं खोलीची भट्टी होते. सिमेंटचं नुकसान लवकर दिसत नाही, पण ते मोठं असतं. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. वरून सिमेंट लिंपलं की ओल आतच कोंडते, चुना भुसभुशीत होतो आणि शे-सव्वाशे वर्षं टिकलेली भिंत काही पावसाळ्यांत फुगायला लागते.

या इमारती दरवर्षी थोडं काम मागतात. त्या तशाच रीतीनं बांधल्या आहेत: प्रत्येक भाग सुटा निघतो, तपासता येतो, बदलता येतो, आणि त्यासाठी लागणारी वस्तू व माणूस दोन्ही जवळपास मिळतात. दुरुस्तीचं काम काढताना या गोष्टीचा विचार व्हायला हवा. जुन्या वनविश्रामगृहांच्या अंदाजपत्रकात शाकारणीचा खर्च दरवर्षी स्वतंत्र धरावा. भिंतींना चुनाच वापरावा. जिल्ह्यातल्या एका-दोन कुंभारांना कवेलूंचं कायमचं काम द्यावं. ज्या मिस्त्रींना टिचकी मारून चीर ऐकू येते, त्यांच्या हाताखाली गावातली चार तरुण मुलं शिकाऊ म्हणून मजुरीवर ठेवावीत. हा सगळा खर्च नवा बंगला बांधण्याच्या खर्चापुढे अगदी किरकोळ आहे. आणि वाचकहो, जंगलात अशा बंगल्यात मुक्काम केलात, तर परतताना तिथल्या अधिकाऱ्यांना एवढं जरूर विचारा: यंदा शाकारणी झाली का?